मागच्या आठ चाकांवरचं वजन

ट्रक आमच्या टायरच्या दुकानाच्या आवारात शिरला तेव्हा त्याची नऊ चाकं जिवंत होती आणि एक मेलेलं. मेलेल्या चाकाने एकट्याने जायचं नाही असं ठरवलेलं दिसत होतं. टायर फुटला तेव्हा त्याच्या रबराची पट्टी मडगार्ड उपटून घेऊन गेली, मडगार्डने पान्ह्यांची लोखंडी पेटी उडवली, आणि ती पेटी रस्त्याकडेच्या चष्म्याच्या दुकानात काचेतून आत गेली. चष्मेवाल्याला खरचटलंसुद्धा नाही. त्याला ती येताना अगदी स्पष्ट दिसली होती.

गाडी भावजी चालवत होते. भावजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. अंगाने दाराएवढे, स्वभावाने उशी. त्यांनी आयुष्यात कुणाला 'नाही' म्हटलेलं नाही. कुणी काही सांगितलं की 'बरं' म्हणतात आणि करतात. ताईशी लग्नही असंच झालं, विचारलं ताईने. आता त्यांच्या डाव्या कानातून रक्त येऊन शर्टाच्या खिशात जमा होत होतं आणि ते मला म्हणत होते, "काही नाही रे, ह्या कानाने तसंही कमीच ऐकतो मी."

शेजारच्या सीटवरून मुकादम उतरला. दगडाच्या खाणीवरचा मुकादम. बुटका, रुंद, मान नसलेला. डोकं थेट खांद्यांवर ठेवल्यासारखं.

"मागचे आठही टायर बदल," त्याने मला फर्मावलं. "तीनला क्रेन येतेय. मालकांचा पुतळा खाली न्यायचाय."

खाणीच्या मालकाने स्वतःचा घोड्यावर बसलेला पुतळा करून घेतला होता. जिवंतपणीच, कारण मेल्यावर लोक कंजुषी करतात असं त्याचं म्हणणं. घोड्यावर तो कधी बसलेला नव्हता. एकदा घोडा त्याच्यावर बसला होता म्हणे. खाण डोंगरावर, पुतळ्याचा चौक पायथ्याशी, मध्ये सात किलोमीटरचा उतार आणि उताराच्या एका बाजूला दरी. कठडे होते, पण ते मोटारींसाठी. दहाचाकी ट्रकला ते नुसते निरोप देतात.

आमचं दुकान आत्याचं. सगळं गाव तिला आत्याच म्हणतं. मी तिचा भाचा आणि मुख्य कारागीर, म्हणजे एकुलता. आमच्याकडे जड गाडीला टायर निवडायची एक पद्धत आहे. टायरच्या बाजूला दोन आकडे कोरलेले असतात. पहिला, चाक एकटं असेल तर ते किती ओझं पेलतं त्याचा. दुसरा, दोन चाकं जोडीने लावली तर. जोडीत प्रत्येकाची ताकद कमी होते. ह्यावर आत्या काही भाष्य करत नाही, पण तिने लग्न केलेलं नाही. ट्रकची मागची चाकं जोडीने असतात, म्हणून तिथे दुसराच आकडा बघायचा. आकडा म्हणजे किलो नव्हेत. भिंतीवरच्या तक्त्यात तो शोधायचा, समोर किलो लिहिलेले असतात, ते गुणिले आठ.

इथवर सगळं सोपं. अडचण वजनाची. वजन ड्रायव्हर सांगतो, आणि ड्रायव्हर टायरवाल्याला कधीच खरं वजन सांगत नाही. म्हणून आत्याने पाटी लावली. माणूस जे सांगेल ते पाटीवर खडूने लिहायचं, त्यात त्याचा पाव भाग मिळवायचा, आणि त्या बेरजेला पुरतील असे टायर लावायचे. वीस वर्षं ह्या पाव भागाने लोकांना जिवंत ठेवलं होतं आणि त्याबद्दल एकानेही आभार मानले नव्हते.

"वजन?" आत्या म्हणाली. "मागच्या आठांवर येईल तेवढं, गाडीचं धरून."

"वीस टन," मुकादम म्हणाला.

मी पाटीवर वीस लिहिलं, खाली पाच, बेरीज पंचवीस. तोवर मुकादमाने स्वतःच टायर पसंत केले होते. माप तेच, नक्षी झकास, दुसरा आकडा एकशे त्रेचाळीस. तक्त्यात सत्तावीसशे पंचवीस किलो. आठांचे पावणेबावीस टन, थोडे वर.

"हे नाही पुरायचे," मी म्हटलं. "एकशे एकोणपन्नासवाले लागतील. आठांचे सव्वीस होतात."

"वीसला पावणेबावीस पुरत नाहीत? शाळेत गेला होतास का? आणि ते खालचे पाच कुणाचे?"

"तुमच्या खोटेपणाचे."

त्याने माझ्या कानाखाली अशी वाजवली की खडू दोन ठिकाणी तुटला आणि मी एका ठिकाणी. मी ग्राहकांशी नम्रच बोलतो. फक्त आधी उत्तर देतो आणि मग नम्र होतो. मधल्या वेळात लोक मारतात. मी उठून बसेपर्यंत आत्याने रबरी हातोडा त्याच्या नडगीवर घातला होता.

"अहो मुकादम," ती म्हणाली, "भाच्याला मारायचं तर मला विचारत जा. मी दिवसातून दोनदा मारते. तिसरा त्याला सोसत नाही." आत्या मारामारीतही अहो-जाहो सोडत नाही. "आता सांगा. वजन?"

"बावीस!" मुकादम एका पायावर नाचत म्हणाला.

मी बावीस लिहिलं.

"तुम्ही सांगा हो," आत्या भावजींकडे वळली. "गाडी तुम्ही चालवता."

भावजींनी मुकादमाकडे पाहिलं. मुकादमाने भुवया उचलल्या. "मुकादम म्हणतात तेवढंच असेल," भावजी म्हणाले आणि खिशातलं रक्त ओतायला बाहेर गेले.

त्यानंतरची पंधरा मिनिटं दुकानात कामाची शिस्त होती. मुकादम मला मारत होता, आत्या मुकादमाला मारत होती, आणि मी मोकळ्या हाताने पाटी भरत होतो. त्याने माझं डोकं पाण्याच्या टाकीत बुडवलं, पंक्चर शोधायची टाकी ती, आणि माझ्या नाकातून बुडबुडे आल्यावर "इथे गळतंय" म्हणाला. आत्याने पहारीने त्याला मागून उचलून टायरच्या थप्पीवर आपटलं. वजन साडेचोवीस झालं. मी त्याचा अंगठा चावला. सत्तावीस. त्याने माझ्या नाकावर डोकं मारलं. माझं नाक ज्या दिशेला होतं तिथून निघून गालाकडे गेलं. आत्याने त्याचा कान चाबीसारखा फिरवला.

"चाळीस!" तो किंचाळला.

तिने कान सोडून पोटात गुडघा घातला.

"बारा!"

"बारा?" आत्या म्हणाली. "अहो, रिकाम्या गाडीचेच मागे सहा टन असतात. मालकांचा पुतळा काय कापसाचा केलाय?"

पाटी बघून कुणाला वाटलं असतं की दुकानात तापाचा रुग्ण ठेवलाय. वीस, बावीस, साडेचोवीस, सत्तावीस, चाळीस, बारा. पद्धतीतली चूक तेव्हा माझ्या लक्षात आली. माणूस वजनकाटा नसतो. त्याला दाबलं की आकडा येतो, पण तो दाबाचा असतो, वजनाचा नाही.

"थांबा," आत्याने हात वर केला. "गुडघा."

मुकादम ताबडतोब थांबला, तिच्यासाठी स्टूल ओढलं, आणि स्वतः जमिनीवर बसून रक्त थुंकायला लागला. गुडघेदुखी त्याच्याही आईला होती. तेवढ्यात ताईचा फोन आला. ताई शाळेत खेळाची शिक्षिका आहे, गोळाफेक शिकवते; तिच्याशी बोलताना मी फोनवरसुद्धा थोडा लांब उभा राहतो.

"ह्यांचा टायर फुटला म्हणे."

"एक कान गेला, बाकी शाबूत."

"आणि त्याच गाडीने दुपारी उतारावरून पुतळा न्यायचाय?"

"हो. वजन कळत नाहीये. चौकशी चालू आहे."

"ऐक," ताई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला. तो बारीक झाला की वर्गात मुलं भिंतीला चिकटतात. "त्यांना कुणी डोंगरावरून उडी मार म्हटलं तरी बरं म्हणतील. मी दहा वर्षं बघतेय. हे संध्याकाळी घरी दिसले पाहिजेत. कसे, ते तू बघ." फोन बंद.

विश्रांती संपली तेव्हा मुकादमाच्या डोक्यात विज्ञान शिरलं होतं. "हलका टायर, हलका टायर काय लावलंय?" तो म्हणाला. "हवा दुप्पट भरायची. हवा जास्त तर ताकद जास्त. आमच्या खाणीवर असंच करतात."

हे खाणीवरचे लोक खरंच असं करतात. टायर किती पेलेल ते त्याच्या आतल्या तारा आणि थर ठरवतात. हवा ठरल्यापेक्षा जास्त कोंबली की ताकद वाढत नाही, राग वाढतो. म्हणूनच आम्ही जड टायरमध्ये हवा भरताना तो लोखंडी पिंजऱ्यात ठेवतो.

"पिंजऱ्यात ठेवा निदान," मी म्हटलं.

"पिंजरा जनावराला लागतो," म्हणत त्याने एकशे त्रेचाळीसवाला, रिमवर चढवून ठेवलेला एक टायर आडवा पाडला, नळी लावली, आणि हवेच्या मीटरकडे पाठ करून माझ्याकडे बघत उभा राहिला. विजयी मुद्रेने. कॉम्प्रेसर धापा टाकायला लागला. टायर फुगला. मग टायर, कसं सांगू, विचारात पडल्यासारखा दिसायला लागला.

"खाली!" आत्या ओरडली.

आवाज ऐकल्याचं मला आठवत नाही. आवाज इतका मोठा होता की ऐकण्याच्या भानगडीत कुणी पडलंच नाही. टायरला रिमवर धरून ठेवणारी लोखंडी कडी सुटली आणि छताचा पत्रा फाडून वर गेली. वर काही क्षण तिचं काही काम असावं. मग ती दुसऱ्या भोकातून परत आली आणि पाटीवर पडली. पाटीचे चार तुकडे झाले. एकाने माझा गाल उघडला. मुकादम हवेच्या धक्क्याने मागे उडून थप्पीत कमरेपर्यंत रुतला होता आणि तोंडात बोट घालून मोजत होता. दोन दात कमी भरले. एक मला टाकीत सापडला. दुसरा आत्याच्या अंबाड्यात.

"पंचवीस!" तो थप्पीतून ओरडला. "आईशप्पथ पंचवीस! लावा एकोणपन्नासवाले!"

आत्याने मान डोलावली. स्फोटानंतर पहिली दहा मिनिटं माणूस खरं बोलतो असा तिचा अनुभव. माझ्या मते तिला तिचाच सकाळचा आकडा परत मिळाला होता, म्हणून समाधान झालं. आठ टायर सव्वीस टन पेलणार, वजन पंचवीस. आम्ही कामाला लागलो. रिमवर चढव, पिंजऱ्यात घाल, हवा भर, चाक बसव, नट आवळ. माझ्या नाकातलं रक्त प्रत्येक चाकावर थोडं थोडं पडलं. दुपारी एकपर्यंत सात चाकं बसली आणि मी आठव्यासाठी गाडीखाली शिरलो.

तिथून मला चार पाय दिसले. मुकादमाचे बूट आणि भावजींच्या चपला. मुकादम भावजींच्या कानाशी लागून गुपित सांगत होता. पण भावजींचा एक कान सकाळी गेला होता, दोघांचे मिळून उरलेले तीन त्या स्फोटापासून घणघणत होते, त्यामुळे गुपित बोंबलून चाललं होतं.

"चौतीस आहे, मुकादम!" भावजी ओरडले. "हे सव्वीसचे आहेत!"

"उतारावर ओझं कमी होतं!" मुकादम ओरडला. "चढावर ओढावं लागतं, उतारावर कुठे ओढावं लागतं? आपोआप जाते की गाडी! मग ओझं राहिलं कुठे?"

भावजी विचार करत असावेत. चपला हलल्या.

"क्रेन आजच्या दिवसच आहे! मालकांना काय सांगू, तुमचा ड्रायव्हर भित्रा आहे? आणि काही झालंच वाटेत, तर आत्याचे टायर खराब होते म्हणायचं! समजलं?"

"वाटेत झालं तर मी म्हणायला असेन का?"

"नसलास तर मी म्हणेन!"

"बरं!" भावजी म्हणाले.

"आणि बोलू नको कुणाला!" हे इतक्या जोरात की समोरच्या केशकर्तनालयातल्या माणसाने गिऱ्हाइकाच्या गळ्यावरचा वस्तरा थांबवून आमच्याकडे पाहिलं.

मी गाडीखालून बाहेर आलो. आत्या माझ्याआधी पोचली होती. तिनेही ऐकलं होतं, सगळ्या रस्त्याने ऐकलं होतं. तिने पहार उचलली आणि पहिल्यांदाच अहो-जाहो सोडून म्हणाली, "ये इकडे." मुकादम ट्रकच्या फाळक्यावर चढला. ती खालून पहार फिरवत होती, तो वरून लाथा झाडत होता. एक तिच्या खांद्याला लागली, एक पहार त्याच्या घोट्याला. तेवढ्यात मी भावजींना गाठलं.

"भावजी, जाऊ नका."

"मी बरं म्हटलंय रे."

"मग आता नाही म्हणा."

"असं कसं? आत्ताच तर म्हटलं."

"आठ टन जास्त आहेत! सातव्या किलोमीटरला पोचणारच नाही तुम्ही, तिसऱ्यालाच दरीत असाल. वरून मालक पडेल अंगावर, घोड्यासकट!"

"आठवं चाक राहिलंय, तेवढं लाव बघू," ते मायेने म्हणाले.

मी त्यांच्या पोटात सर्व ताकदीनिशी गुद्दा मारला. मनगट माझं दुखावलं. दुसरा मारला, तो त्यांना कळला असावा, कारण त्यांनी मला कामाच्या अंगभर डगल्याच्या पाठीला धरून उचललं आणि भिंतीवर, ट्यूब अडकवतो त्या हुकाला, अडकवलं. "इथे थांब हं. पडशील," असं म्हणून त्यांनी आठवं चाक स्वतःच बसवलं. नट आवळले. नीट, आळीपाळीने, समोरासमोरचे. काम चोख. मग जायला निघाले.

मी बटणं सोडली आणि डगल्यातून खाली गळालो. आतल्या चड्डी-बनियनवर, एका डोळ्याने, कारण दुसरा सुजून बंद झाला होता. बोलून झालं होतं. मारून झालं होतं. त्या माणसाला थांबवायला शब्द पुरत नव्हते आणि माझे हात तर नव्हतेच पुरत. पलीकडे भिंतीला गाडीचं जादा चाक टेकून उभं होतं. रिमसकट एकशे दहा किलो. सकाळपासूनच्या गोंधळात हा एकच आकडा मला नक्की माहीत होता, कारण सकाळी मीच ते उतरवलं होतं.

मी ते ढकललं. चाक सुरुवातीला आळशीपणे निघालं, मग त्याला गोडी लागली. भावजींचा डावा पाय केबिनच्या पायरीवर होता, उजवा जमिनीवर. उजवा म्हणजे ब्रेकचा. मी चाकाच्या मागे धावत गेलो आणि त्यांच्याजवळ पोचताच खांद्याने त्याला आडवं पाडलं.

भावजींनी वळून पाहिलं.

"नको," ते म्हणाले.

ताईला पुढे मी शपथेवर सांगितलं, तो शब्द मी स्वतः ऐकला. पण चाकाला आता मागे वळता येत नव्हतं.

हाड मोडल्याचा आवाज माझ्या कानांना आला नाही. चाकावर टेकलेल्या हाताला कळला. भावजी खाली बसले. आधी त्यांनी पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग, शरमून, फाळक्यावर उभ्या असलेल्या मुकादमाकडे. "आता मी गाडी कशी चालवू हो?" ते म्हणाले. मग त्यांच्या तोंडून जी किंकाळी निघाली तिने पत्र्यावरची कबुतरं उडाली.

मुकादमाने फाळक्यावरून थेट माझ्यावर उडी मारली. पहिल्या लाथेत बरगडी गेली. दुसऱ्या लाथेत ती परत आली असं वाटलं, पण ती शेजारची होती. "सगळं तयार झालं होतं रे!" तो रडत होता. खरंच रडत होता. "आता गाडी कोण नेणार? कोण?"

आत्याने पहार खाली ठेवली. भावजींच्या हातातून गळालेली चाबी उचलली आणि मुकादमापुढे धरली.

"तुम्ही," ती म्हणाली. "परवाना आहे ना? भावजींच्या आधी दहा वर्षं तुम्हीच चालवायचात ही गाडी. घ्या. उतारावर ओझं कमी होतं."

मुकादमाने चाबी घेतली. केबिनमध्ये चढला. दार लावलं. आम्ही वाट पाहिली. मी जमिनीवरून, भावजी माझ्या शेजारून; आमचे दोघांचे हात एकमेकांत होते, कारण मला वाटत होतं ते मला मारतील आणि त्यांना वाटत होतं मी अजून काहीतरी पाडेन. इंजिन सुरू झालं नाही. काचेतून मुकादमाचं डोकं दिसत होतं. त्याने स्टिअरिंगला हात लावला, काढला. ब्रेक दाबून पाहिला. पुन्हा दाबून पाहिला. आरशातून मागच्या चाकांकडे पाहिलं.

मग तो खाली उतरला, गाडीच्या मागे गेला, गुडघ्यांवर बसला, आणि आठही टायरांवरचा दुसरा आकडा बोट ठेवून वाचत गेला. मोठ्याने. जणू एखाद्यावर वेगळा निघेल.

"चौतीस," तो म्हणाला. त्याला कुणी हातही लावलेला नव्हता. "आत्या, चौतीसचे काय आहेत तुमच्याकडे?"

"काही नाही. सगळ्यात जाडे एकशे त्रेपन्नवाले. ते आठांना मिळून एकोणतीसच्या थोडे वर जातात. चौतीसला पुरतील असे टायर ह्या रिमवर बसत नाहीत."

मुकादम तिथेच चाकांपाशी बसून राहिला. ओठावरचं रक्त वाळलं होतं, ते नखाने खरवडत होता.

"घोडा वेगळा होतो," तो म्हणाला.

"काय?"

"पुतळा. दोन तुकडे आहेत. मध्ये लोखंडी खुंटी आहे, मालकांना वर उचललं की निघतात. आधी मालक नेऊ, मग येऊन घोडा. दोन फेऱ्या. क्रेन रात्रीपर्यंत आहे."

दुकानात जी शांतता पसरली ती बहिऱ्यांनाही ऐकू आली. भावजी पाय धरून म्हणाले, "मी कालच म्हणणार होतो, पण कुणी विचारलं नाही."

"मालक किती?" आत्याने विचारलं.

"पंधरा टन. घोडा तेरा."

"मालक घोड्यापेक्षा जड?"

"त्यांचीच सूचना होती. घोड्यापुढे मी लहान दिसता कामा नये."

"म्हणजे पंधरा आणि गाडीचे सहा, एकवीस. लावलेत ते सव्वीसचे. उत्तम झालं. निघा." आत्या स्टुलावर बसली.

मुकादम हलला नाही. "पाव भाग?"

"कसला?"

"पाटीवरचा. एकवीसचा पाव सव्वापाच. सव्वासव्वीस झाले. हे सव्वीसचे आहेत. पाव टन कमी पडतोय."

"तो पाव भाग खोट्यावर असतो. आता तुम्ही खरं सांगितलंत."

"मी खरं सांगतोय हे तुम्हाला काय माहीत?" मुकादम ओरडला आणि त्याने आत्याचा हातोडा हिसकावला. "जाडे लावा! त्रेपन्नवाले!"

"अहो, गरज नाही!"

"पाव भाग मिळवा म्हणतो ना!" त्याने हातोडा टाकीवर घातला, टाकी फुटली, पाणी दुकानभर झालं. आत्याने त्याचा दुसरा कान धरला. "किती लागतात सांगा!" ती म्हणाली, आणि तो पाण्यात गुडघे टेकून ओरडत होता, "तीस! तीस! नीट मिळवा, तीस!"

मी भावजींना टायर वाहायच्या ढकलगाडीवर चढवलं. दवाखाना तीन गल्ल्या पुढे. माझ्या दोन बरगड्या, त्यांचा एक पाय. ढकलताना दोघं आळीपाळीने ओरडत होतो. रस्त्यात एका बाईने विचारलं, कुणी मारलं? भावजींनी माझ्याकडे बोट दाखवलं. माझ्या अंगावर चड्डी-बनियन, नाक गालावर, हाडांचा सापळा. बाईने त्यांच्याकडे फार कीव करून पाहिलं, त्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय असं समजून.

पायाची तीन हाडं मोडली होती. एक्स-रे आणि रांगेत संध्याकाळ झाली. डॉक्टर प्लास्टर करत असताना बाहेर भोंग्यांचा गदारोळ उठला. मी खिडकीशी गेलो. दहाचाकी ट्रक पहिल्या गिअरमध्ये, चालत्या माणसाच्या वेगाने, दवाखान्यासमोरून चालला होता. मागे गाड्यांची शेपटी. वर पंधरा टनांचा मालक एकटाच, पाय फाकून, हवेत बसलेला. मागच्या आठ चाकांवर जाडे टायर होते. केबिनमध्ये मुकादम दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून रस्त्याकडे असा बघत होता, जसा मी ताईकडे बघतो.

ताई तेव्हाच दारातून आत आली.

"कसं झालं?" तिने भावजींना विचारलं.

मी भावजींकडे हात जोडून पाहिलं. अपघात, अपघात, असं ओठांनी म्हटलं. पण वजन सोडलं तर भावजी कशाबद्दलही खोटं बोलत नाहीत.

"ह्याने चाक पाडलं," ते म्हणाले. "मुद्दाम."

ताईने पर्स खुर्चीवर ठेवली. बांगड्या मागे सारल्या. पहिला फटका माझ्या उरलेल्या डोळ्यावर आला, दुसऱ्याने नाक गालावरून पुन्हा मध्ये आणलं, ज्याबद्दल डॉक्टरांनी नंतर तिची स्तुती केली. तिसऱ्याला परिचारिका मध्ये पडली आणि औषधांच्या ट्रॉलीसकट बाजूला झाली. चौथ्यासाठी ताईने गोळा फेकतात तसा हात खांद्यामागे नेला. तो हात भावजींनी पडल्या पडल्या मनगटाला धरला.

"नाही," ते म्हणाले.

ताई थांबली. तिने आधी मनगटाकडे पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे. दहा वर्षांत तिने हा शब्द त्यांच्याकडून ऐकला नव्हता. तिला तो नीट ऐकू आला की नाही ह्याचीच तिला शंका होती.

"काय म्हणालात?"

"नाही म्हणालो. बस झालं त्याला मारणं." त्यांनी मनगट सोडलं नाही. "आणि गाडी बोलाव एखादी. मला घरी जायचंय."

ताई त्यांच्या उशाशी बसली आणि जोरजोरात रडायला लागली. डॉक्टर म्हणाले, रात्रभर इथेच ठेवावं लागेल.

"नाही," भावजी म्हणाले. त्यांना ते आवडायला लागलं होतं.